ओझोनची घडामोड

आमच्या घराण्याच्या व्हॉट्सॲप समूहावर दर वर्षी तुळशीच्या लग्नाच्या सुमारास एक संदेश न चुकता येतो. तुळस दिवसाचे वीस तास प्राणवायू आणि चार तास ओझोन सोडते, म्हणून पहाटे तुळशीपाशी बसून दीर्घ श्वसन करावे, असे त्यात लिहिलेले असते आणि खाली हात जोडल्याची चिन्हे असतात. पाठवणारे माझे थोरले काका. वय ८१, पहाटे साडेचारला उठणारे आणि आम्हा सगळ्यांपेक्षा धडधाकट. त्यामुळे "काका, हे खरे नाही" असे लिहायचा धीर मला बरीच वर्षे झाला नाही. पण मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते, आणि गप्प राहणे दर वर्षी थोडे अधिक टोचू लागले होते. शेवटी गेल्या कार्तिकात मी लिहिले की जमिनीलगतचा ओझोन पहाटे नव्हे तर दुपारी वाढतो, तो झाड देत नाही तर ऊन घडवते, आणि तो छाती भरून घेण्याजोगा वायू मुळीच नाही. काकांचे उत्तर एका ओळीचे आले : "मग तोच वर आकाशात आपले रक्षण करतो ते कसे?"

प्रश्न रास्त होता, आणि त्याचे उत्तर समूहावर मावणारे नव्हते.

ओझोनविषयी आपण जे शब्द वापरतो ते सगळे बांधकामातले आहेत. थर, कवच, छत्री, आणि त्या छत्रीला पडलेले भोक. हे शब्द ऐकून मनात एखादे जुने छप्पर उभे राहते : कोणे एके काळी घातलेले, हळूहळू झिजणारे, एका कोपऱ्यात फुटलेले. वास्तविक आज आपल्या डोक्यावर जो ओझोन आहे त्याचा रेणू न् रेणू सतत मोडत असतो आणि सतत नव्याने जुळत असतो. मराठीत यासाठी 'घडामोड' हा चपखल शब्द आहे; वर्तमानपत्रांनी त्याला बातम्यांपुरते उरवले ही गोष्ट वेगळी.

साध्या प्राणवायूच्या रेणूत ऑक्सिजनचे दोन अणू असतात आणि त्यांच्यातील बंध बळकट असतो. तो तोडायला सूर्यप्रकाशातील २४२ नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीचे अतिनील किरण लागतात. त्याहून सौम्य प्रकाश कितीही वेळ पडला तरी त्याचा उपयोग होत नाही. असे किरण वरच्या हवेत, म्हणजे साधारण २० किलोमीटरच्या वर, स्थितांबरात मिळतात. तिथे रेणू फुटतो, दोन सुटे अणू बाहेर पडतात, आणि सुटा अणू शेजारच्या अख्ख्या प्राणवायूच्या रेणूला जाऊन चिकटतो. झाला ओझोन. मात्र चिकटताना बाहेर पडणारी ऊर्जा कोणीतरी वाहून न्यावी लागते, नाहीतर नवा रेणू जुळता जुळताच विस्कटतो. हे काम तिथे हजर असलेला नायट्रोजनचा किंवा प्राणवायूचा आणखी एखादा रेणू करतो. पुस्तकात त्याला 'तिसरा घटक' म्हणतात. माझ्या वर्गातली मुले त्याला 'करवला' म्हणतात, कारण तो लग्नात असतो पण लग्न त्याचे नसते.

या करवल्यामुळेच ओझोन एका ठरावीक उंचीवर दाटलेला आढळतो. फार वर गेलो तर तीव्र किरण हवे तेवढे मिळतात, पण हवा इतकी विरळ होते की सुट्या अणूला ना दुसरा रेणू भेटतो ना तिसरा. फार खाली आलो तर रेणूंची दाटी असते, पण ते तीव्र किरण वरच खर्च झालेले असतात. दोन्ही गोष्टी बेताने मिळतात त्या मधल्या पट्ट्यात ओझोन साठतो. आपल्याकडे हा पट्टा २५ ते २७ किलोमीटरच्या आसपास सर्वांत दाट असतो, ध्रुवांकडे तो बराच खाली उतरतो.

आता काकांच्या प्रश्नाचा गाभा. ओझोनमधील तिसरा अणू सैलसर बांधलेला असतो. २०० ते ३१० नॅनोमीटरमधले अतिनील किरण, म्हणजे आपल्या त्वचेला आणि डोळ्यांना इजा करणारे किरण, ओझोनचा रेणू शोषून घेतो आणि तत्क्षणी मोडतो. संरक्षण म्हणतात ते हेच मोडणे. छत्रीवर पाऊस पडतो तेव्हा छत्री शाबूत राहते. इथे अडवलेल्या प्रत्येक किरणामागे एक रेणू फुटतो. फुटलेला सुटा अणू मात्र बहुतेक वेळा क्षणार्धात पुन्हा एखाद्या प्राणवायूच्या रेणूला चिकटतो आणि ओझोन परत उभा राहतो. या उठाठेवीत हाती काय उरले, तर एक घातक किरण कमी झाला आणि त्याच्या ऊर्जेची उष्णता झाली. ती उष्णता काल्पनिक नाही. आपल्या डोक्यावर १७ किलोमीटरच्या आसपास तापमान उणे ८० अंश सेल्सिअसपर्यंत घसरलेले असते, आणि तिथून वर जाता जाता ५० किलोमीटरवर ते शून्याच्या जवळ येते. उंचीबरोबर थंडी वाढण्याऐवजी ऊब वाढते, ती ओझोनच्या या अखंड फुटण्या-जुळण्यामुळे.

क्वचित सुटा अणू प्राणवायूऐवजी ओझोनच्याच रेणूवर आदळतो आणि दोघांचे मिळून प्राणवायूचे दोन रेणू होतात. तेवढ्यापुरता ओझोन खरोखर संपतो. घडणे, जुळणे, फुटणे आणि संपणे अशा या चार पायऱ्या सिडनी चॅपमन या ब्रिटिश गणितज्ञाने १९३० मध्ये मांडल्या. चारांपैकी दोन पायऱ्यांना प्रकाश लागतो, एक घडवणारी आणि एक मोडणारी. म्हणून रात्र झाली की स्थितांबरातला ओझोन विरून जात नाही. घडवणारा आणि मोडणारा एकच, आणि तो मावळलेला असतो.

हा सगळा ओझोन गोळा करून जमिनीवर आणला आणि शून्य अंश तापमानाला, नेहमीच्या दाबाखाली पसरला, तर त्याची जाडी किती भरेल? जगाची सरासरी धरली तर सुमारे तीन मिलिमीटर, आणि महाराष्ट्रावर त्याहून थोडी कमी. पोळी लाटताना मी एकदा पट्टी लावून पाहिली होती. घडीची पोळी साधारण तेवढीच भरते. ज्यांनी हे मोजण्याचे उपकरण घडवले त्या ऑक्सफर्डच्या जी. एम. बी. डॉब्सन यांचे नाव एककाला मिळाले : मिलिमीटरचा शंभरावा भाग म्हणजे एक डॉब्सन एकक. एवढ्या पातळ पोळीच्या जोरावर जमिनीवरची जीवसृष्टी निभावली आहे. अर्थात ती पोळी सलग नसून वीसपंचवीस किलोमीटर जाडीच्या हवेत पीठ उधळल्यासारखी विखुरलेली आहे, आणि सर्वांत दाट जागीसुद्धा दहा लाख रेणूंत ओझोनचे रेणू आठ-दहाच्या वर क्वचितच जातात.

ही पोळी विषुववृत्ताकडे जाड असायला हवी, कारण ऊन तिथे अधिक. प्रत्यक्षात ती तिथेच सर्वांत पातळ आढळते. उष्ण कटिबंधात घडलेला ओझोन स्थितांबरातले संथ वारे ध्रुवांकडे वाहून नेतात आणि तिकडे तो हिवाळ्यापासून वसंतापर्यंत साठत जातो. पिकते एकीकडे आणि कोठारे भरतात दुसरीकडे, हे काही आपल्याला नवे नाही.

या मोजमापाच्या इतिहासात पुण्याचे नाव सन्मानाने येते, आणि ते पुणेकरांनाही फारसे ठाऊक नसते याची मला खंत वाटते. ओझोन किती उंचीवर आहे हे जमिनीवरूनच ओळखण्याची एक युक्ती स्वित्झर्लंडच्या गोट्झ यांना उत्तर ध्रुवाजवळच्या स्पिट्सबर्गन बेटावरील मोजमापांतून सुचली : सूर्य क्षितिजाकडे कलत असताना डोक्यावरच्या आकाशातून येणाऱ्या दोन अतिनील तरंगलांबींच्या तीव्रतेचे गुणोत्तर बदलत जाते आणि एका टप्प्यावर उलट फिरते. त्या उलट फिरण्यात उंचीचा हिशेब दडलेला असतो. याच पद्धतीने कमी अक्षांशांवरच्या ओझोनचे उंचीनुसार वाटप कसे असते, याचा अभ्यास के. आर. रामनाथन आणि आर. व्ही. करंदीकर यांनी केला आणि १९४९ मध्ये तो प्रसिद्ध झाला. पुढे पुण्याच्या वेधशाळेत ॲना मणी यांनी १९६० च्या दशकात फुग्याबरोबर वर जाणारे ओझोनमापक यंत्र विकसित केले. त्याच्या पोटात असते पोटॅशियम आयोडाइडचे द्रावण. त्यातून बाहेरची हवा बुडबुड्यांनी जाते, ओझोन आयोडिन मोकळे करतो आणि तेवढा विद्युतप्रवाह वाहतो. हे द्रावण लक्षात असू द्यावे, कारण खाली माझ्या गच्चीवर ते पुन्हा येणार आहे.

चॅपमन यांच्या चार पायऱ्या सुंदर आहेत, पण त्यांच्या हिशेबाने ओझोन जेवढा यायला हवा त्याच्या निम्म्याच्या आसपासच प्रत्यक्षात मिळतो. म्हणजे मोडणारे आणखी कोणीतरी होते. ते उत्प्रेरक निघाले : हवेत अत्यल्प प्रमाणात असलेले, एका ओझोनकडून अणू हिसकावून घेणारे, तो सुट्या अणूच्या हवाली करणारे आणि पुन्हा मोकळे होऊन पुढच्या ओझोनकडे वळणारे. पाण्याच्या वाफेपासून निघालेला हायड्रॉक्सिल हा त्यांतला एक. नायट्रिक ऑक्साइड हा दुसरा. त्याचे काम पॉल क्रुट्झेन यांनी १९७० मध्ये दाखवले. तिसरा क्लोरिन, आणि त्याची गोष्ट १९७४ मध्ये मारिओ मोलिना आणि शेरवुड रोलँड यांनी मांडली. फ्रिज आणि फवाऱ्यांचे डबे यांत तेव्हा वापरला जाणारा क्लोरोफ्लुरोकार्बन हा वायू खालच्या हवेत कशाशीच अभिक्रिया करत नाही, हाच त्याचा गुण मानला जात होता. न विरघळणारा, न जळणारा, न कुजणारा हा वायू अनेक वर्षांनी वर पोहोचतो आणि तिथे त्याला तेच तीव्र किरण भेटतात जे प्राणवायू फोडून ओझोन घडवतात. त्याच किरणांनी त्याचा क्लोरिन सुटतो, आणि असा एक अणू निष्क्रिय होण्यापूर्वी सुमारे एक लाख ओझोनचे रेणू संपवू शकतो. क्रुट्झेन, मोलिना आणि रोलँड या तिघांना १९९५ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

अंटार्क्टिकाचे प्रकरण मी दर वर्षी शिकवते आणि दर वर्षी मला ते नव्याने आवडते, कारण त्यात उन्हाचा दोष नेमका कुठे आहे हे उघडे पडते. हॅली बे येथील ब्रिटिश केंद्राच्या नोंदींवरून फार्मन, गार्डिनर आणि शँक्लिन यांनी १९८५ मध्ये जाहीर केले की तिथला ऑक्टोबरमधला ओझोन काही वर्षांत ३०० डॉब्सन एककांच्या आसपासवरून २०० च्या खाली उतरला आहे. प्रश्न असा होता की तिथेच का, आणि वसंतातच का? वर सांगितलेल्या उत्प्रेरकी चक्राला ऑक्सिजनचे सुटे अणू लागतात, आणि इतक्या तिरप्या उन्हात, इतक्या खाली, ते जवळजवळ नसतातच.

उत्तर हिवाळ्यात दडलेले होते. ध्रुवीय रात्रीत अंटार्क्टिकावरची हवा भोवऱ्यात कोंडली जाते आणि उणे ७८ अंशांच्या खाली थंड होते. एवढ्या कोरड्या हवेतही मग बर्फाचे आणि नायट्रिक आम्लाचे सूक्ष्म कण होऊन ढग तयार होतात. एरवी क्लोरिन ज्या दोन संयुगांत जखडून निरुपद्रवी पडलेला असतो, ती संयुगे या कणांच्या पृष्ठभागावर एकमेकांना भेटतात आणि क्लोरिनचे रेणू मोकळे होतात. ही मूळ कल्पना १९८६ मध्ये मांडणाऱ्यांत सुसान सॉलोमन या प्रमुख होत्या. इथवर ओझोनला काहीच झालेले नसते, कारण अंधार असतो. ऑगस्टअखेर सूर्य क्षितिजावर डोकावतो आणि मोकळा क्लोरिन त्या मंद उजेडातही फुटतो. त्याचे अणू ओझोनकडून ऑक्सिजन घेऊन क्लोरिन मोनॉक्साइड होतात. त्या मोनॉक्साइडचे दोन रेणू परस्परांना चिकटतात, ती जोडी पुन्हा उजेडानेच फुटते, क्लोरिन सुटा होतो, आणि ऑक्सिजनच्या सुट्या अणूवाचून चक्र फिरत राहते. काही आठवड्यांत १४ ते २२ किलोमीटरच्या दरम्यानचा ओझोन जवळपास नाहीसा होतो. ते कोवळे ऊन क्लोरिनची जोडी फोडण्याइतके सशक्त असते, पण प्राणवायूचा रेणू फोडण्याइतके नसते. मोडण्यापुरते बळ आहे आणि घडवण्यापुरते नाही, अशा उन्हाचे ते काही आठवडे असतात. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये हवा तापते, भोवरा विस्कटतो आणि बाहेरचा ओझोन आत येतो. तेव्हा त्याला भोक म्हणायचे तर दर वर्षी पडणारे आणि दर वर्षी बुजणारे भोक म्हणावे लागेल.

१६ सप्टेंबर १९८७ ला माँट्रियल येथे करार झाला, भारत त्यात १९९२ मध्ये सामील झाला, क्लोरोफ्लुरोकार्बनचे उत्पादन जगभर थांबत गेले, आणि वरच्या हवेतला क्लोरिन हळूहळू कमी होत आहे. हळूहळू एवढ्यासाठी की यांतला एक महत्त्वाचा वायू वातावरणात शंभरेक वर्षे टिकतो.

वरच्या ओझोनचे हे असे. खालच्या ओझोनची गोष्ट मात्र वेगळ्या दारातून सुरू होते. २४२ नॅनोमीटरखालचे किरण जमिनीवर पोहोचतच नाहीत; वरच्या प्राणवायूने आणि ओझोनने ते आधीच संपवलेले असतात. म्हणजे खालच्या हवेत ओझोन बनू नये अशी तजवीज जणू वरूनच झालेली आहे. ती आपण मोडली, तीही अगदी साध्या रीतीने : इंजिनात, भट्टीत, शेगडीच्या ज्योतीत हवा तापवून. तापलेल्या हवेत नायट्रोजन आणि प्राणवायू एकत्र येतात आणि शेवटी नायट्रोजन डायऑक्साइड हा तपकिरी वायू होतो. याच्यातील ऑक्सिजनच्या एका अणूचा बंध इतका कच्चा असतो की ४०० नॅनोमीटरच्या आसपासचा, म्हणजे जांभळ्या रंगाच्या कडेचा, साधा प्रकाशही तो तोडतो. भर दुपारी हा रेणू दोन-तीन मिनिटेही नीट टिकत नाही. सुटलेला अणू प्राणवायूला चिकटतो आणि ओझोन होतो.

पण मागे उरलेला नायट्रिक ऑक्साइड लगेच त्या ओझोनला मोडून पुन्हा नायट्रोजन डायऑक्साइड होतो. जमाखर्च शून्य. ओझोन साठतो तो तिसरे कोणी मध्ये पडल्यावर. पेट्रोलची वाफ, रंगांतले थिनर, लाकडाचा धूर, आणि हो, झाडांच्या पानांतून उडणारी आयसोप्रीनसारखी द्रव्येसुद्धा, हवेतल्या हायड्रॉक्सिलने जळू लागतात. त्यातून निघणारे मूलक, म्हणजे चटकन कशाशीही जुळू पाहणारे रेणूंचे तुकडे, नायट्रिक ऑक्साइडला परस्पर डायऑक्साइडमध्ये बदलतात, ओझोनला हात न लावता. मग ओझोन घडत राहतो आणि मोडणारा त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. गंमत अशी की ही आग पेटवणारे हायड्रॉक्सिल पुन्हा ओझोनवर ऊन पडून, सुटलेला अणू पाण्याच्या वाफेला भिडला की तयार होते. जिथे नायट्रोजनची ऑक्साइडे नसतात, उदाहरणार्थ भर समुद्रावरच्या दमट हवेत, तिथे हाच मार्ग ओझोन घटवतो. पावसाळ्यात अरबी समुद्रावरून येणारी हवा आपल्याकडे ओझोन अगदी थोडा आणते; उन्हाळ्यात, निरभ्र आकाशाखाली, तो सर्वाधिक असतो.

हे सर्वप्रथम उलगडले कॅलिफोर्नियातल्या लॉस एंजेलिसमध्ये. तिथल्या डोळे चुरचुरवणाऱ्या धुरक्याचा छडा आरी हागेन-स्मिट यांनी १९५० च्या सुमारास लावला. ते मूळचे अननसाच्या वासातली द्रव्ये शोधणारे रसायनतज्ज्ञ होते. रबराच्या वाकवलेल्या पट्टीला तडे जायला किती वेळ लागतो यावरून हवेतला ओझोन जोखता येत असे. त्याच राज्यात द्राक्षवेलींच्या पानांवर दिसणारे बारीक गडद ठिपके ओझोनचे आहेत हे १९५८ मध्ये नोंदले गेले. आपल्याकडची गोष्ट याहून गंभीर आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार २००५ या एका वर्षात ओझोनमुळे भारताचे सुमारे ३५ लाख टन गव्हाचे आणि २१ लाख टन भाताचे नुकसान झाले. पान श्वासासाठी रंध्रे उघडते आणि ओझोन आत शिरून पेशी भाजतो. तुळसही याला अपवाद नाही : ती ओझोन देत नाही, घेते आणि सोसते.

एवढे सगळे लिहून काकांना पाठवले असते तर त्यांनी ते वाचलेही असते, पण मला काहीतरी दाखवायचे होते. म्हणून मार्च महिन्यात मी शोनबाइनच्या पट्ट्या केल्या. १८३९-४० च्या सुमारास बाझेल येथे ओझोन ओळखून त्याला 'वास येणारा' या अर्थाचे ग्रीक नाव देणारे हे गृहस्थ. तो वास आपण सगळ्यांनी घेतलेला असतो; जुन्या पद्धतीच्या झेरॉक्सच्या दुकानात यंत्र तासभर चालले की जो तिखटसर, धातूसारखा वास येतो, तो ओझोनचा. त्यांची युक्ती इतकी सोपी आहे की एक रसायन सोडले तर बहुतेक साहित्य घरात सापडते. शंभर मिलिलिटर पाण्यात पाच ग्रॅम कॉर्नफ्लोअर शिजवून, कपड्यांना घालतात तशी पारदर्शक खळ करावी. ती कोमट झाली की त्यात एक ग्रॅम पोटॅशियम आयोडाइड ढवळावे, ब्रशने गाळणकागदावर दोन्ही बाजूंनी सारवावे, आणि कागद अंधाऱ्या कपाटात वाळवून पट्ट्या कापाव्यात. पट्टी ओली करून सावलीत आठ तास टांगायची. ओझोनने आयोडिन मोकळे केले की ते खळीशी जुळून निळेजांभळे होते. सावली महत्त्वाची आहे, कारण थेट ऊन आयोडाइडला आपण होऊनच रंगवते. उन्हाचे काम मोजायचे तर मोजणाऱ्याने उन्हापासून लपावे लागते.

पट्ट्या मी चार ठिकाणी लावल्या : गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या आडोशाला, खालच्या गर्दीच्या चौकात ओळखीच्या फुलवाल्याच्या छपराखाली, पुण्याच्या वेताळ टेकडीवर एका झाडाच्या खोडाला, आणि रात्री दहा ते सकाळी सहा आमच्या तुळशीच्या फांदीला. पहिल्या दिवशी खळ दाट झाल्याने कागदावर गुठळ्या आल्या आणि सगळे वाया गेले. पुढच्या चार दिवसांत मात्र रोज तेच दिसले. गच्चीवरची पट्टी फिकट जांभळी, टेकडीवरची तिच्याहून गडद, आणि चौकातली सर्वांत फिकी. फुलवाल्याला हे पटेना. "एवढा धूर इथं, ताई, आणि तुमचा कागद कोराच कसा?" त्याच्या धुरातच त्याचे उत्तर होते. वाहनांच्या नळकांड्यातून निघणारा ताजा नायट्रिक ऑक्साइड जवळचा ओझोन तिथल्या तिथे खाऊन टाकतो. ती हवा वाऱ्याबरोबर गावाबाहेर, टेकडीकडे जाते, वाटेत तिच्यावर दुपारचे ऊन पडते, आणि ओझोन तिथे वर येतो जिथे फिरायला जाणारे शुद्ध हवा म्हणून जातात. २०२० च्या टाळेबंदीत अनेक शहरांत नायट्रोजनची ऑक्साइडे एकदम घटली आणि ओझोन मात्र घटला नाही, काही ठिकाणी वाढला, तो याच कारणाने. धूर कमी केला की सगळेच प्रदूषण सारख्या प्रमाणात उतरते, ही समजूत मला आजही अधिकाऱ्यांच्या भाषणांत ऐकू येते आणि प्रत्येक वेळी फुलवाल्याचा प्रश्न आठवतो.

या पट्ट्यांना आकडा विचारू नये. दमट हवेत त्या अधिक रंगतात, नायट्रोजन डायऑक्साइडनेही थोड्या रंगतात. आपल्या मानकांनुसार आठ तासांच्या सरासरीने ओझोन घनमीटरला १०० मायक्रोग्रॅमच्या वर जाऊ नये. ते मोजायला यंत्रच हवे. पण चौकात नायट्रोजन डायऑक्साइड अधिक असूनही पट्टी फिकी राहिली, एवढी साक्ष माझ्यासाठी पुरेशी होती. दिवाळीत हा प्रयोग का केला नाहीस, असे मुलांनी विचारले. दिल्लीच्या शास्त्रज्ञांनी २००१ मध्ये 'नेचर'मध्ये दाखवून दिले आहे की फुलबाज्या जळताना २४० नॅनोमीटरखालचे किरण बाहेर टाकतात आणि रात्री, सूर्य नसताना, थेट प्राणवायू फोडून ओझोन घडवतात. स्थितांबरातले काम हातभर तारेवर. पण त्या धुरात इतर इतके काही असते की माझी पट्टी खरे सांगते की खोटे हे मलाच कळले नसते.

गुढीपाडव्याला काका आले तेव्हा संध्याकाळी मी त्यांना गच्चीवर नेले आणि तुळशीची पट्टी हातात दिली. ती जवळपास पांढरीच होती.

"ही रात्रभर तुळशीला होती, काका."

"आणि ही?"

"ही दुपारभर टाकीमागे."

त्यांनी जांभळी पट्टी चष्म्याजवळ नेऊन बराच वेळ पाहिली. "तुझा कागद पहाटेचा झोपत असेल," असे म्हणून हसले, आणि मला कळले की पुढच्या कार्तिकातही तो संदेश येणार.

तोवर सूर्य मावळून दहा-पंधरा मिनिटे झाली होती. पश्चिमेकडे तांबूस पट्टा होता आणि डोक्यावर आकाश गर्द निळे झाले होते. दिवसाचे निळे आकाश हवेच्या रेणूंनी विखुरलेल्या प्रकाशाचे असते, पण संधिप्रकाशातले माथ्यावरचे निळे एकट्या त्याने होत नाही. सूर्य क्षितिजाखाली गेला की त्याचे किरण ओझोनच्या पट्ट्यातून शेकडो किलोमीटर आडवे जातात, आणि ओझोन त्यांतला नारिंगी-पिवळा भाग वाटेत शोषून घेतो. ओझोन नसता तर या वेळचे माथ्यावरचे आकाश पिवळट-करडे दिसले असते, असा हिशेब एडवर्ड हल्बर्ट यांनी १९५३ मध्ये मांडला. मी काकांना वर बघायला सांगितले आणि म्हटले, "तुम्ही विचारलेला वरचा ओझोन तो. त्याचाच हा रंग."

काकांनी मान वर केली. मग हातातली ओली पट्टी उचलून आकाशासमोर धरली, एक डोळा मिटला, आणि दोन्ही रंग जुळतात का ते पाहू लागले. पट्टी अंमळ जांभळीच होती.